पोरांचा फौजदार

हल्ली अडचणीत सापडलेल्या मुलांशी बोलायला समुपदेशक असतो. त्याला वेगळी खोली असते, खोलीच्या दाराला पडदा असतो. चव्वेचाळीस साली मी हेच काम करत होतो तेव्हा असा शब्दही कोणी ऐकला नव्हता. कागदावर मी प्रोबेशन ऑफिसर होतो. कर्जतच्या बाजारात मला पोरांचा फौजदार म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला बरं वाटायचं. त्याआधी नेरळजवळच्या एका गावात सात वर्षं मी मास्तरकी केली होती. मुंबईला सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आलो आणि येसाजी मास्तरचा येसाजीराव झालो. डोक्यावर टोपी, काखेत चामडी पिशवी, पिशवीत छापील फॉर्म. अंगात शहाणपण मावत नव्हतं.

पोलिसांनी एखादा मुलगा धरला की कोर्टापुढे उभा राहीपर्यंत तो आमच्या रिमांड होममध्ये राही. रिमांड होम म्हणजे बाजारपेठेमागचं भाड्याचं कौलारू घर. दोन खोल्या, पडवी, मागे विहीर. पोरांना रांधून घालायला आणि सांभाळायला विमलबाई होत्या. माझं काम एवढंच, की मुलाशी बोलायचं, त्याच्या घरी जाऊन यायचं आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांना अहवाल द्यायचा. मुलगा आईबापाच्या हवाली करावा, की घाटावरच्या सुधारशाळेत पाठवावा, हे त्या अहवालात लिहायचं असे. सुधारशाळेत गेलेला मुलगा अठरा वर्षांचा झाल्याशिवाय सुटत नसे. साहेब बहुतेक वेळा माझ्या अहवालाबरहुकूम निकाल देत. त्यामुळे आपल्या पेनाच्या टोकावर पोरांची आयुष्यं आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि त्याची भीती वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र ठाऊक नव्हतं.

माघात खालापूरच्या बाजूने एक पोरगा आला. सरकारी धान्याच्या गोदामाची कौलं काढून कोणीतरी त्याला दोरीने आत सोडलं होतं. त्याने दोन पायल्या तांदूळ फडक्यात बांधून वर दिले, तेवढ्यात पहारेकरी जागा झाला. वरची माणसं दोर ओढून पळाली आणि पोरगा आत राहिला. लढाईचे दिवस, धान्याला हात लावणं म्हणजे मोठाच गुन्हा. दोर कोणी धरला होता, हे पोलिसांनी त्याला त्यांच्या पद्धतीने विचारलं होतं. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते आणि डावा कान सुजला होता. त्याने कोणाचं नाव तर सांगितलं नव्हतंच, पण स्वतःचंही सांगितलं नव्हतं. कागदावर ‘अनोळखी मुलगा, वय अंदाजे बारा, जात ठाकर’ एवढंच होतं.

मी शिकून आलो होतो. मुलाच्या समोर नाही, बाजूला बसायचं, दरडावायचं नाही, गूळ-शेंगदाणे द्यायचे. मी सगळं केलं. पोरगा शेंगदाणे खायचा आणि विहिरीकडे बघत बसायचा. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी माझा आवाज चढला. विमलबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “येसाजीराव, तुमी जरा गप बसा. प्रश्न इचारला की त्याला पोलीस दिसतो.” मला राग आला, पण बाई म्हणत होत्या ते खरं होतं.

विमलबाईंची तांदूळ धुवायची रोवळी उसवली होती. त्यांनी ती पोराच्या पुढ्यात नुसती ठेवली आणि आत गेल्या. पोराने ती उलटीसुलटी करून पाहिली, परसातला बांबूचा तुकडा घेतला, माझ्याकडे कोयता मागितला. रिमांड होममधल्या मुलाच्या हाती कोयता द्यायचा नाही असा नियम होता. मी दिला. त्याने बांबू चिरून बारीक बेळं काढली आणि रोवळी विणायला घेतली. मीही शेजारी बसून विणू लागलो. मला काही जमेना, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. “असं नाय. एक सोडून एक.” मग थोड्या वेळाने, “माजी आय बारीक इनते. पानी सुदीक थांबतं.”

पुढचे तीन दिवस आम्ही टोपल्या विणल्या. तो रानाबद्दल बोलायचा. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला मध कुठे लागतो, कोणता कंद उकडल्याशिवाय खाल्ला तर घसा सुजतो, वगैरे. आई त्याच्या बोलण्यात सारखी यायची. बाप नव्हता, धाकटी बहीण होती. नवव्या दिवशी मी विचारलं, तुझ्या घरी मी जाऊन येऊ का. त्याचे हात थांबले. तो म्हणाला, “तिला धराल.”

“कोणी धरणार नाही. तुझ्या आईला काही होणार नाही, हा माझा शब्द.”

त्याने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग नाव सांगितलं, कमळ्या. आईचं चिंधी. वाडीचंही सांगितलं. आयुष्यात मला एवढं काही कोणी दिलं नाही. मी मात्र ते पिशवीत घातलं आणि खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी वाडीवर निघालो. वाट माहीत नव्हती, म्हणून कोंडाण्यात भेटलेल्या जंगलच्या गार्डला बरोबर घेतलं. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात काठी. वाट दाखवायला याच्याइतका जाणकार कोण, असं मी म्हटलं. आज आठवलं तरी मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी त्याच मुलखात जन्मलेला. पट्टेवाला माणूस दिसल्यावर डोंगरातल्या वाडीचं काय होतं हे मला कळायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा वाडीत एकही पुरुष नव्हता. चुली पेटलेल्या, भाकरी तव्यावर, आणि माणसं गायब. चार बायका तेवढ्या उरल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कडेवर मूल होतं आणि दारात तिने विणलेली रोवळी होती, बारीक विणीची. मी विचारलं, “चिंधी तूच ना? कमळ्या तुझा मुलगा?”

ती म्हणाली, “कोन कमळ्या? मला पोरगा नाय. ही येकच पोर हाय.”

मी पुन्हा विचारलं. कमळ्या बरा आहे, त्याला घरी आणायचं आहे, असंही सांगितलं. तिने गार्डच्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि तेच उत्तर दिलं. आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी तिथेच दगडावर बसून फॉर्म भरला. ‘आई मुलाला ओळखण्यास नकार देते.’ तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले, कारण शिक्षणात तसंच सांगितलं होतं. खाली तिचा अंगठा घेतला.

परतलो तेव्हा पायांत काटे मोडले होते आणि डोकं तापलं होतं. कमळ्या पडवीतच वाट बघत होता. त्याने विचारलं, “आय काय बोलली?” मी जे करू नये तेच केलं. म्हणालो, “तुझी आई म्हणते, मला पोरगाच नाही. तुला ती ओळखत नाही.”

पोरगा हसला. चांगला तोंडभर हसला आणि त्याचे खांदे सैल झाले. त्या संध्याकाळी तो प्रथमच पोटभर जेवला. मला वाटलं, काय कोडगं पोर आहे, आईने टाकलं तरी हसतं. मी फॉर्ममध्ये आणखी एक ओळ लिहिली, ‘मुलालाही आईविषयी ओढ दिसत नाही,’ आणि सुधारशाळेची शिफारस करून अहवाल मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे धाडला.

विमलबाईंना हे चार दिवसांनी कळलं. त्या भांडी घासत होत्या. हातची राख तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “गार्डला घेऊन गेलेलात? आनि ती काय हो म्हनेल?” मग म्हणाल्या, “उद्या मी येते संगं. तुमी टोपी घरी ठेवा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच गेलो. विमलबाईंनी वाडीवर पोचल्या पोचल्या चिंधीजवळ बसून तिच्या पोरीला मांडीवर घेतलं आणि कमळ्याने विणलेली रोवळी तिच्या हातात दिली. चिंधीने ती बोटांनी चाचपली. वीण कोणाची आहे हे तिला सांगावं लागलं नाही. ती तोंडात पदर कोंबून रडली.

“मग त्या दिवशी का नाही म्हणालीस?” मी विचारलं.

“राखीव रानात बकरी धरली तर गार्ड इचारतो, कोनाची? आमची म्हनलं की मार आमाला, बकरी बी गेली. कोनाचीच नाय म्हनलं की दोन दिस बांधून ठेवतो आन् कटाळून सोडतो. तिला कोन रोज पाला घालनार?” ती म्हणाली. “मला वाटलं, कोनाचा नाय म्हनलं तर पोराला बी सोडतील. त्याला मी ल्हानपनापासनं हेच शिकवलंय. पट्टेवाला आला की कोन कोनाचं नाय.”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. पोरगा का हसला ते कळलं. आई वाचली म्हणून हसला होता. आणि मी लिहिलं होतं की त्याला ओढ नाही.

मी तिला नीट समजावलं. सरकार म्हणजे गार्ड नाही. इथे उलटं आहे, माझा आहे म्हटलं तरच पोर मिळेल. पाच दिवसांनी फिरतीवरच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांचा मुक्काम खालापूरला पडणार होता, नदीपलीकडच्या बंगल्यावर, आणि कोर्टही तिथेच भरणार होतं. तिथे येऊन एवढंच बोलायचं, हा माझा मुलगा, मी याला सांभाळीन. चिंधीने बोटांवर दिवस मोजले. “पुनवंच्या दुसऱ्या दिशी,” ती म्हणाली. “कोंबडं आरडायच्या आधी निगंन.”

कर्जतला येऊन मी दुसरा अहवाल लिहिला, पहिला चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं. कमळ्यालाही सगळं सांगितलं. आई येणार आहे, तिला बघून तू फक्त ‘माझी आय’ म्हण, मग दोघं घरी. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “तिला धरनार नाय ना?” मी म्हणालो, “माझा शब्द आहे.” त्याने मान डोलावली.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

मुक्कामाच्या आदल्या रात्री मला झोप येईना. डोंगरातून खालापूरपर्यंतची वाट, अंगावर पिती पोर, बाई कशाला येते? आलीच तर वेळेवर येईल का? साहेब एक दिवस थांबतात, संध्याकाळी मुक्काम हलतो. वाडीतले लोक सांगितलेल्या वेळेला कुठे येतात, असं आम्ही सखल भागातले लोक सहज बोलतो, तसं मीही मनात बोललो. सकाळी खालापूरला पोचताच फौजदारांना भेटलो आणि विनंती केली, की एक शिपाई वाटेवर पाठवा आणि त्या बाईला घेऊन या. त्यांनी हिरामण नावाचा शिपाई दिला. बिचारा चांगला माणूस होता. त्याला मी स्वतः बजावलं, “बाईला दमात घेऊ नको. नुसता बरोबर ये.”

चिंधी आपली आपणच येत होती. पाताळगंगेच्या उतारावर हिरामणला ती भेटली, अर्ध्याहून जास्त वाट चालून आलेली. पोर शेजारणीकडे ठेवून आली होती. पायवाट अरुंद, म्हणून ती पुढे आणि तो मागे, काठी हातात. नियमाप्रमाणे त्याने तिला आपल्या पुढेच ठेवलं होतं.

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबांचं टेबल होतं. मी आणि कमळ्या पायरीवर बसलो होतो. त्याने स्वच्छ सदरा घातला होता, विमलबाईंनी त्याच्या केसांना तेल लावून दिलं होतं. तो सारखा वाटेकडे बघत होता. मग आंब्याच्या झाडांमधून ती आली, धुळीने भरलेली, मान खाली, आणि तिच्या मागे दोन हातांवर खाकी कपड्यातला पोलीस.

कमळ्या उठून उभा राहिला आणि लगेच पुन्हा बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे पुन्हा कोणी कधी पाहिलं नाही. मी घाईघाईने म्हणालो, “अरे, तो नुसता सोबतीला आहे. तिला धरलेलं नाही.” पहिले पाच दिवस विहिरीकडे बघायचा तसा तो समोर बघू लागला.

पुकारा झाला. साहेबांनी माझे दोन्ही अहवाल समोर ठेवले होते. त्यांनी कमळ्याला जवळ बोलावलं आणि चिंधीकडे बोट करून विचारलं, “ही बाई तुझी कोण?”

कमळ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कोन नाय,” तो म्हणाला. “मी हिला वळखत नाय.”

“नीट बघ. ही तुझी आई आहे ना?”

“माजी आय मेली.”

साहेब चिंधीकडे वळले. ती चार तास चालली होती ते एक वाक्य बोलायला. वाटेवर ते घोकत आली होती, हिरामणने मला नंतर सांगितलं. तिने पोराकडे पाहिलं, त्याच्या अंगावरच्या धुतलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, टेबलाकडे, हिरामणच्या पट्ट्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, “हा तुझा मुलगा का?”

“तो म्हनतो तसंच,” चिंधी म्हणाली. “माजा कोन नाय.”

मी पुढे झालो. म्हणालो, साहेब, ही दोघं एकमेकांना वाचवण्यासाठी खोटं बोलतायत. माझ्यासमोर हिने कबूल केलंय. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “येसाजीराव, पहिल्या खेपेस तिने तुमच्यासमोरच नाकारलं, खाली अंगठा आहे. मुलाला ओढ नाही हे अक्षरही तुमचंच. आता दोघंही माझ्यासमोर तेच सांगतात. मी मुलगा हवाली कोणाच्या करू?”

त्यांनी हुकूम लिहिला. वय बारा धरलं. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत सुधारशाळा. टाक दौतीत बुडवला, सही केली आणि पुढचं प्रकरण मागवलं. सगळं मिळून चहा निवेल एवढाही वेळ लागला नाही.

मी चिंधीला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. ती खांबाला टेकून बसली होती, चेहरा उजळलेला. “आता सोडतील ना त्याला?” तिने विचारलं. “मी बोलनार व्हते, माजा हाय म्हनून. पन तो इतके दिस ह्यांच्यात राहिला, त्याला ठावं आसंल काय बोलायचं ते. म्हनून मी त्याच्यामागनं बोलले.”

मी तिला निकाल सांगितला. सहा वर्षं म्हटल्यावर तिला उमगेना, म्हणून सहा भातं पिकेपर्यंत म्हणालो. तिने ते बोटांवर मोजलं. सहाव्या बोटाला ती उठली आणि टेबलाकडे निघाली. “मंग आता सांगते. माजा हाय तो. माजा कमळ्या हाय.” हिरामण आडवा आला. हाकललं नाही त्याने, नुसता आडवा आला. टेबलापुढे दुसरे लोक उभे होते. ती तिथूनच सांगत राहिली, ओरडून नाही, साध्या आवाजात, जो कोणी जवळून जाईल त्याला. कारकुनाला सांगितलं, पाणी भरणाऱ्या गड्याला सांगितलं. दुपारी साहेबांचं सामान बैलगाडीवर चढत होतं तेव्हा गाडीवानालाही सांगत होती.

मी वर अर्ज केला, दोन वेळा केला. अर्जांना उत्तर आलं की मूळ अहवालात आणि जबानीत विसंगती नाही. चिंधी पुढे तीन वेळा कर्जतला आली. विमलबाई तिला जेवायला घालत, मी मागच्या दाराने बाहेर जात असे. मी भेकड होतो, दुसरा शब्द नाही. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि पुन्हा शाळेत मुलांना पाढे शिकवू लागलो.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं. संध्याकाळी कमळ्याला घेऊन मी खोपोलीहून कर्जतला येणाऱ्या गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याला घाटावर पोचवायचं होतं. डब्यात आम्ही आणि दोन भाजीवाल्या होत्या. निकाल होताच त्याला बंगल्याच्या मागच्या बाजूने नेलं होतं, त्यानंतर व्हरांड्यात आई काय सांगत होती ते त्याला ठाऊक नव्हतं. माझा शब्द मोडला होता, आता तो माझ्याशी बोलणार नाही अशी मी मनाची तयारी केली होती. गाडी सुटल्यावर त्याने हळूच विचारलं, “तिला सोडली का?”

“सोडली,” मी म्हणालो.

“घरी गेली?”

“हो.”

“मी वळख दिली आसती तर तिला बी आत घातलं आसतं,” तो म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी. एवढं शिकूनही मला हे कळलं नव्हतं. “तुमास्नी त्या पोलिसानं फशिवलं. तुमी वाईट नाय.”

विमलबाईंनी सकाळी बांधून दिलेल्या भाकऱ्या मी त्याच्यापुढे केल्या. त्याने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, बोटं चाटली, आणि आपल्या आईला आपण सोडवलं या आनंदात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. त्याला खरं काय ते सांगणं हेच माझं काम होतं, त्यासाठीच मला पगार मिळत होता. कर्जत येईपर्यंत मी त्याला उठवलं नाही, आणि उठवल्यावर सांगितलंही नाही.